मागच्या गळ्याच्या अर्ध्या ओळी

बाबांनी नवा स्वेटर कात्रीने कापला तेव्हा मी शाळेत शिकवत होते. संध्याकाळी घरी आले तर स्वेटर पलंगावर पडलेला. पुढच्या गळ्यापासून खाली छातीकडे एक वाकडातिकडा काप गेलेला, आणि कापाच्या दोन्ही कडांना धागे सुटून लोंबत होते. मागच्याच रविवारी मी तो वाशिमहून आणला होता.

"बाबा, हे काय करून ठेवलं?"

"गया आवयत होता," ते म्हणाले. आमच्या वऱ्हाडी बोलण्यात ळ चा य होतो. गळा आवळत होता, एवढंच त्यांचं कारण. "तुले दोनदा सांगतलं. तू म्हने, घालता घालता सैल होईन. नाही झाला. मंग म्या केला."

विणलेल्या कापडाला एकदा कात्री लागली की ते काही तिथंच थांबत नाही. दोन दिवसांत तो काप पोटापर्यंत उसवत गेला आणि स्वेटर पायपुसण्यात जमा झाला. त्याच्या आधीचे दोन कपाटात पडून होते. एकाची चेन हनुवटीला टोचते म्हणून, दुसऱ्याचा गळा व्ही आकाराचा आणि मागून थंडी शिरते म्हणून.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. रिसोड, वाशिम, मंगरूळपीर, कधी अकोला, कधी पार नागपूर. उभं आयुष्य त्यांनी स्टिअरिंगमागे बसून काढलं. आई गेल्यावर मी त्यांना वाशिमजवळच्या मालेगावला आमच्याकडे आणलं. तेव्हाच त्यांची पाठ वरून गोल झालेली होती. मान खांद्यांमधून वर निघायच्या ऐवजी पुढे निघायची. खुर्चीत बसले तरी समोरच्या काचेतून रस्ता बघताहेत असं वाटायचं. डॉक्टरांनी मणके झिजलेत असं सांगून कमरेपासून खांद्यापर्यंतचा एक पट्टा दिला होता. तो पट्टा दाराआडच्या खिळ्याला अडकवलेला असायचा.

अशा अंगात तयार स्वेटर घातला की मागचं कापड पाठीच्या बाकावरून जाताना अपुरं पडतं. मग ते कमरेवरून वर चढतं, मानेची मागची बाजू उघडीच राहते, आणि पुढचा गळा थेट कंठाशी येऊन बसतो. बाबा दिवसभर बोटाने तो गळा खाली ओढत राहायचे. जेवताना ओढायचे, पेपर वाचताना ओढायचे. आणि थंडी पडली म्हणून घरात बसणाऱ्यांतले ते नव्हतेच. उजाडलं की त्यांना बसस्टँड गाठायचं असायचं. तिथं चहाच्या टपरीवर त्यांच्यासारखे निवृत्त झालेले दोघंतिघं जमायचे आणि कोणती गाडी उशिरा निघाली, कोणी वळण कसं घेतलं, याच्यावर बोलायचे. मफलर घ्या म्हटलं तर, "मफलर म्हाताऱ्यायचं काम हाये."

मी म्हटलं, मीच विणते.

विणकाम मला येत होतं. डी.एड.ला असताना होस्टेलच्या मुलींनी एकमेकींना शिकवलं होतं. पुढं मुलीचे स्वेटर, नवऱ्याचा बिनबाह्यांचा, बहिणीच्या बाळांची टोपडी, असं बरंच विणलं. आमची पद्धत साधी. पाठीचा तुकडा वेगळा, पोटाचा वेगळा, बाह्या वेगळ्या, शेवटी सगळं शिवायचं. गळा पुढून जरा खोल ठेवायचा, की झालं. पाठीचा आकार वेगळा असू शकतो याचा विचार करायची वेळ कधी आलीच नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मी लोकर आणली. बाबांना रंग विचारला तर म्हणाले, "खाकी सोडून कोनताही." मी गडद चॉकलेटी आणला, आणि पहिली चूक तिथंच झाली. गडद लोकरीत टाके दिसत नाहीत. चष्मा लावूनसुद्धा दिवसाउजेडी अंगणाच्या बाजूला खुर्ची ओढून बसावं लागायचं, आणि दिवाळीनंतर आमच्या दारावरून सोयाबीनच्या गाड्या जात असतात. तासाभराने लोकरीवर धुळीचा थर बसलेला असायचा.

मोबाईलवर शोधता शोधता मला एक बाई सापडल्या. डोंगराळ भागातल्या असाव्यात, हिंदीत शिकवायच्या. त्यांचा स्वेटर गळ्यापासून सुरू व्हायचा आणि खाली जायचा. गोल सुईवर गळ्याचे टाके घालायचे, बॉर्डर विणायची, आणि मग पूर्ण फेरा न घेता फक्त पाठीकडच्या बाजूला अर्ध्या ओळी विणायच्या. एका खांद्यापर्यंत जायचं, तिथंच काम उलटवायचं, परत येऊन दुसऱ्या खांद्यापर्यंत जायचं, तिथं उलटवायचं. प्रत्येक खेपेला आधीपेक्षा थोडं पुढं जायचं. पुढचा गळा आहे तिथंच थांबतो, मागं मात्र ओळींवर ओळी चढतात. म्हणजे मानेमागं कापड उंच होतं. मला हवं होतं ते हेच होतं. बघताना जीव हलका झाला. वाटलं, आठवड्यात बाबांच्या अंगात स्वेटर असेल.

गोम एवढीच, की जिथं काम उलटवतो तिथं भोक पडतं. ते पडू नये म्हणून उलटवायच्या आधी पुढच्या टाक्याला धाग्याचा एक वेढा द्यायचा, आणि नंतर पूर्ण फेरा घेताना तो वेढा सुईने उचलून त्या टाक्याबरोबरच विणायचा. "बस, हो गया, कितना आसान है," त्या बाई म्हणायच्या. त्यांच्या हातातली लोकर जाड होती, पांढरी होती. माझ्या चॉकलेटी लोकरीत वेढा कुठला आणि टाका कुठला हेच कळत नव्हतं. मी व्हिडिओ थांबवायची, मागं घ्यायची, पुन्हा बघायची. नेमकी वेढा उचलायच्या जागी बाईंची बोटं मध्ये यायची.

पहिल्या खेपेला दोन्ही खांद्यांवर भोकांच्या रांगा पडल्या. मी उसवलं. दुसऱ्या खेपेला एका बाजूची भोकं बुजली, दुसऱ्या बाजूची तशीच राहिली. गोल विणताना एका बाजूचे वेढे सरळ हाताला येतात, दुसऱ्या बाजूचे उलट्या दिशेने भेटतात, हे त्या बाईंनी सांगितलंच नव्हतं. पुन्हा उसवलं. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते. ती ओली करून, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून, वाळवून, मग परत गुंडी करायची. घरातल्या सगळ्या खुर्च्यांना तेव्हा चॉकलेटी लोकर गुंडाळलेली होती आणि नवरा उभ्यानेच चहा पीत होता.

"दुसरा विकत आणू," तो म्हणाला.

"आणि तो कापला की?"



तिसऱ्या खेपेला भोकं कमी झाली. एकच उरलं होतं, डाव्या बाजूला. ते मी आतून सुईदोऱ्याने टाचून टाकलं. आता माप घ्यायचं होतं. पाठीच्या बाकावरून किती उंची जास्त हवी ते कळल्याशिवाय किती अर्ध्या ओळी घालायच्या हे ठरत नव्हतं. मी टेप घेऊन बाबांच्या मागं उभी राहिले. एक टोक मानेच्या हाडावर, दुसरं कमरेला. तसंच पुढूनही. दोन्ही मापांत फारसा फरक निघाला नाही. मला नवल वाटलं, पण टेप खोटं कशाला सांगेल. मी त्या मापाने विणलं. काखेपर्यंत आले, सुईवरून सुटू नयेत म्हणून टाके दोऱ्यात ओवले आणि बाबांच्या अंगात घालून बघितलं. ते खुर्चीत बसले, आणि मानेमागं बोटभर रुंद उघडी चामडी दिसायला लागली. पुढचा गळा कंठाशी.

"आवयते," ते म्हणाले आणि बोट घालून ओढायला लागले.

"बाबा, ओढू नका, टाके सुटतीन."

"मंग कायले केला असा?"

मी पुन्हा माप घेतलं. पुन्हा तेच. आणि टेप गुंडाळता गुंडाळता माझं सहज समोरच्या कपाटाच्या आरशात लक्ष गेलं. बाबा ताठ उभे होते. छाती पुढं, हनुवटी आत, श्वास रोखलेला, कपाळावर शीर फुगलेली. मी टेप खाली ठेवला तसे ते हळूहळू पलंगावर टेकले, खांदे पुढं आले, मान पुढं आली, आणि ते पुन्हा माझे नेहमीचे बाबा झाले.

मला फार राग आला. माझी सगळी सुट्टी त्या ताठ उभ्या माणसाच्या मापात गेली होती, आणि तो माणूस घरात राहतच नव्हता.

"बाबा, तुमी सरळ काहून उभे राह्यता?"

"मी सरयच हाये."

"नाही. तुमची पाठ वाकली हाये. तुमी जसे बसता तसे बसा, मले तेच माप पाह्यजे."

"कोनाची वाकली? मान थोडी पुढं हाये. डायवरची मान पुढंच राह्यते." ते उठले. उठताना त्यांनी पलंगाचा दांडा धरला. "दे सोडून. नाही पाह्यजे मले स्वेटर. तू त्या मोबाईलवाल्या बाईले घाल."

आणि ते बाहेर जाऊन ओट्यावर बसले. संध्याकाळ होती, वारा होता, अंगात फक्त शर्ट. मी शाल घेऊन गेले ती त्यांनी घेतली नाही. शेवटी नवऱ्याने जाऊन त्यांच्या खांद्यावर टाकली. ती त्यांनी राहू दिली.

मग शाळा सुरू झाली. काखेपर्यंतचं विणकाम मी तोवर उसवून टाकलं होतं. माझी शाळा मालेगावपासून आत, फाट्यावरून पुढं आहे. स्कूटीवर जाताना हाताची बोटं गारठायची आणि डोक्यात तोच स्वेटर असायचा. मधल्या सुट्टीत विणकामाची पिशवी काढली की सोबतच्या शिक्षिका म्हणायच्या, अजून गळ्यातच आहे का? एकीने सुचवलं, मागं कॉलर लाव. दुसरी म्हणाली, बटणाचा कर, सोपा पडतो. बटणाचा बाबांनी घातला नसता, कारण त्यांची बोटं सकाळी वळत नाहीत, आणि वळत नाहीत हेही ते कबूल करत नाहीत. हे सगळं मी त्यांना कुठं सांगत बसू? मी पिशवी बंद करायची.

घरात आम्ही दोघं कामापुरतं बोलत होतो. "जेवता का?" "वाढ." "औषध घेतलं?" "घेतलं." स्टँडवरून येताना ते खोकत यायचे. मला त्यांचा खोकला ऐकू येतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते फाटकाबाहेरच खोकून घ्यायचे.

पौषात तुरीच्या हिरव्या शेंगा येतात. एका रविवारी दुपारी मी सोल्यांच्या, म्हणजे हिरव्या दाण्यांच्या, आमटीसाठी टोपलीभर शेंगा आणल्या आणि ओसरीत पसरल्या. बाबा न बोलावता येऊन बसले. हे काम त्यांना आवडतं. शेंग अंगठ्याने दाबायची, दाणे ताटलीत, टरफल बाजूला. ते शेंगांवर वाकले, अगदी मनापासून वाकले, आणि त्यांची पाठ जशी आहे तशी माझ्यासमोर आली. शर्टाच्या कॉलरीतून मानेचं हाड वर आलेलं. त्याच्याखाली पाठ कासवासारखी उंच.

मी उठून टेप आणला आणि मागून हलकेच लावला. मला वाटलं त्यांना कळणार नाही.

"माप घेऊन राह्यली का?" शेंगेवरून नजर न काढता ते म्हणाले.

"हो."

त्यांच्या बोटांनी आणखी एक शेंग उघडली. मी वाट बघत होते, आता ते ताठ होतील. खांदे किंचित हलले, मागं जायला निघाले, आणि मध्येच थांबले. त्यांनी पुन्हा मान खाली घातली.

"घे," ते म्हणाले.

मी मानेपासून कमरेपर्यंत टेप धरला. मग पुढून धरला. फरक माझ्या अंदाजाच्या कितीतरी पुढं होता.

"एसटीत दर साली डॉक्टर तपासे आमाले," बाबा मध्येच म्हणाले. "डोये पाहे, बीपी पाहे. मंग म्हने, सरय उभे राहा. पाठ वाकली दिसली का गाडीवरून काढून बसवतीन टेबलावर, असं वाटे. मी अशी तान देऊन उभा राहो." दाणे त्यांनी ताटलीत टाकले. "आता टेप पाह्यला का आपोआपच होते."

  त्यांना ऑफिसात टेबलावर बसवलं असतं तर पाठ एवढी गेली नसती, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते बोलून काय मिळणार होतं. मी माप लिहून घेतलं आणि शेंगा सोलायला बसले.

त्या मापाने मी पुन्हा गळ्यापासून सुरुवात केली. या वेळी अर्ध्या ओळी इतक्या झाल्या की विणताना मलाच शंका यायची. मागचा भाग वाटीसारखा फुगून वर आला होता. पुढची बाजू बॉर्डरच्या खालीच थांबलेली. हात सरावले होते. डाव्या बाजूचं ते एक भोक सोडलं तर बाकी सगळे वेढे बरोबर उचलले गेले. मागच्या गळ्याच्या मधोमध खूण म्हणून मी एक सेफ्टी पिन अडकवली. शाळेतून आल्यावर, स्वयंपाकाच्या आधी, जेवढा उजेड असेल तेवढ्या वेळात विणायची. अशी काखेपर्यंत पोचले. टाके दोऱ्यात ओवले.

"बाबा, घालून पाहा."

मी घालून द्यायला गेले तर त्यांनी हातातून घेतला. "मले येते घालता." ते आतल्या खोलीत गेले. कोणी कपडे घालून दिलेले त्यांना चालत नाहीत. त्याच वेळी पुण्याहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती तिकडे नोकरी करते, आणि या स्वेटरची कहाणी तिला रोज ऐकावी लागत होती. बाबा बाहेर आले. मी मोबाईल त्यांच्याकडे फिरवला.

पुढचा गळा त्यांच्या हनुवटीपर्यंत चढलेला होता. मागं मान उघडी. आधीच्या सगळ्या खेपांपेक्षा वाईट.

"हे तं फाशीच दिली तू मले," बाबा म्हणाले आणि दोन्ही हातांनी तो डोक्यावरून काढायला लागले. कानाला अडकला, ओढला, एका बाजूचा दोरा निघून टाके सुटले. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि चप्पल घालून बाहेर गेले. मुलगी तिकडून काहीतरी म्हणत होती. मी म्हटलं, नंतर बोलते, आणि फोन ठेवला.

मी तिथंच खाली बसले आणि स्वेटर उसवायला लागले. सुटलेल्या टाक्यांपासून सुरुवात केली. धागा ओढला की ओळ जाते, ओढला की ओळ जाते. त्या दिवशी हाताला दुसरं काही सुचतच नव्हतं. काखेपासून वर आले, वाटीसारखा आकार निघून गेला, अर्ध्या ओळी एकामागून एक सुटल्या, बॉर्डर सुटली. पिन टणकन फरशीवर पडली. नवरा ऑफिसातून आला तेव्हा माझ्याभोवती कुरळ्या लोकरीचा ढीग होता. "आज खिचडी," मी त्याला सांगितलं.

जेवण झाल्यावर मुलीने फोटो पाठवला. कॉल चालू असताना तिने स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. खाली लिहिलं होतं, "आई, पिन पुढे का लावली आहेस?"

मी चष्मा लावला. फोटो मोठा केला. बाबांच्या हनुवटीखाली, बरोबर मधोमध, सेफ्टी पिन चमकत होती.

त्यांनी स्वेटर उलटा घातला होता. पाठ पुढं, पोट मागं. गोल गळ्याला पुढची बाजू कुठली, मागची कुठली, हे विणणारीशिवाय कोणाला कळणार? मी विणणारी समोर उभी होते आणि मलाही कळलं नाही. माझे डोळे पिनेवर गेलेच नव्हते, ते बाबांच्या तोंडाकडे होते. स्वेटर बरोबर झाला होता. बरोबर झालेला स्वेटर मी माझ्या हाताने उसवून टाकला होता.

मी फोटो नवऱ्याला दाखवला.  त्याला हसू येत होतं आणि तो ते दाबत होता, हे मला दिसत होतं. मी मोबाईल काढून घेतला. बाबांना फोटो दाखवला तर ते म्हणाले, "मले कोनी सांगतलं का, कोनती बाजू पुढं?"

"तुमी मले घालून देऊ देता का?"

"तू सांगाचं होतं."

 मी आत जाऊन भांडी घासायला घेतली. दुसऱ्या दिवशी लोकर ओली केली, खुर्च्यांना गुंडाळली, आणि नवरा पुन्हा उभ्याने चहा प्यायला लागला.

शेवटच्या खेपेला मी व्हिडिओ लावला नाही. अर्ध्या ओळी कुठं वळवायच्या हे हाताला पाठ झालं होतं, तरी मला त्यात काही आनंद वाटत नव्हता. एखाद्या मुलाने तीच गणितं पुन्हा पुन्हा चुकवावी आणि आपण तीच पुन्हा पुन्हा तपासावी, तसं झालं होतं. संक्रांत गेली. वाणाच्या बायका येऊन गेल्या, त्यांतल्या दोघींनी स्वेटर हातात घेऊन विचारलं, हा मागून असा फुगलेला का? मी सांगितलं, बाबांचा आहे. त्यांना एवढ्याने कळलं नाही आणि मी आणखी सांगितलं नाही. डाव्या बाजूचं भोक याही वेळी पडलं. ते मी टाचलं. मागच्या बॉर्डरीला आतून लाल लोकरीचा एक ठळक टाका घातला आणि बाबांना दाखवला.

"हा लाल मागं. मानेवर. समजलं?"

"मी काय पोट्टं हाये का?"

स्वेटर संपला तेव्हा माघ उतरणीला लागला होता. दुपारी पंखा लावावासा वाटत होता. सकाळी मात्र थंडी अजून होती. बाबांनी घातला, लाल टाका मागं, आणि खुर्चीत बसले. मागचं कापड मानेपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. पुढचा गळा कंठाच्या खाली सैल पडला. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. ते गळ्याकडे गेलं नाही.

"आवयते का?"

त्यांनी मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. "बाह्या लांब झाल्या," ते म्हणाले.

मी बाह्या दुमडून दिल्या. ते स्टँडवर गेले.

त्या आठवड्यात ते रोज घालून गेले. खोकला कमी झाला. तो स्वेटरने झाला का थंडी उतरली म्हणून, सांगता येत नाही. मग एका सकाळी स्टँडवरून आले ते हात धुवून थेट ताटावर बसले आणि जेवता जेवता म्हणाले, "तो माह्या संगतचा डायवर हाये ना, आसेगावचा. त्याची पाठ माह्याहून जास्त हाये. त्याले आवडला स्वेटर."

"बरं."

"मी म्हटलं, माही पोरगी करून देते."

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. "बाबा, मी नाही करणार. मले शाळा हाये. घर हाये. आता उन्हाळा लागून राह्यला."

"पुढच्या हिवाळ्याले कर ना. घाई कोनाले हाये?"

"नाही म्हटलं ना."

जेवण अर्धवट टाकतील असं वाटलं, पण त्यांनी सगळं जेवून ताट उचललं. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्याच रविवारी फाटक वाजलं. आसेगावचे काका होते, बाबांच्या बरोबरीचे, गाडीवर मुलाला घेऊन आलेले. मुलगा बाहेरच थांबला. काका आत आले. त्यांची मान खरंच बाबांपेक्षा पुढं होती, माझ्याशी बोलायला त्यांना डोळे वर करावे लागत होते. त्यांनी हातातली पिशवी माझ्यापुढं धरली. आत लोकर होती, पोपटी, बारीक, टोपड्याला वापरतात तसली.

"काका, ही लोकर नाही चालत," मी म्हटलं. "फार बारीक हाये. पाठीवर थांबणार नाही."

"मंग कोनती पाह्यजे, बाई?"

"जाड लागते. आणि रंग जरा फिका घ्या. गडद आणू नका."

"बदलून आनतो," ते म्हणाले. "दुकानदार ओयखीचा हाये."

मी चहा ठेवायला आत वळले, तेव्हा ओसरीतून बाबांचा आवाज आला. ते त्यांच्या मित्राला सांगत होते, "पाह्य, हो म्हनली."

मी साखरेचा डबा काढला. मी हो म्हटलं नव्हतं.